उजवा पाय झाला, डावा दिवाळीनंतर

फोंड्याच्या बाजारात माझं चहा आणि भाजी-पावाचं हॉटेल आहे. सकाळी साडेपाचला शटर वर जातं ते दुपारी दीडपर्यंत मी कढईसमोर उभा. अशी बावीस वर्षं झाली. उजव्या पोटरीवर आधी एक निळी रेघ आली, मग गांडुळासारखी वळणं, मग घोट्याजवळची कातडी तपकिरी पडली आणि तिथे अशी खाज सुटायची की रात्री मी पाय पलंगाच्या कडेला घासत बसायचो. गिऱ्हाईक मिरच्या घेताना खाली बघायचं आणि विचारायचं, "बाब, पांयांक कितें जालां?" मी म्हणायचो, शिरा फुगल्यात, दुसरं काय. डॉक्टरी भाषेत व्हेरिकोज व्हेन्स.

या जुलैत त्या शिरेचा निकाल लावला. पणजीच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा, म्हणजे पडद्यावर बघत सुई-नळीने इलाज करण्याचा, विभाग आहे, तिथे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे कुणाचं नाव घेऊन चांगलं लिहिलं की दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर विचारतात, किती सुटले?

आधी माझी दोन वर्षं कशी फुकट गेली ते सांगतो, कारण बहुतेकांची तशीच जात असणार. एका ठिकाणी पायाची सोनोग्राफी केली होती. पलंगावर आडवं झोपवलं, जेल लावलं, पाच मिनिटांत रिपोर्ट: सगळं नॉर्मल. मी खूश होऊन घरी आलो. बायको म्हणाली, नॉर्मल आहे तर मग हे काय लोंबतंय?

नव्या ठिकाणी डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते, "काका, उभे राहा." आखूड चड्डीवर स्टुलावर उभं केलं, वजन डाव्या पायावर टाकायला लावलं आणि जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोब फिरवला. भिंतीवर तोच बोर्ड, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, आणि खाली एक्कावन्न वर्षांचा मी. हसू आवरेना.

पण पडद्यावर जे दिसलं ते कुणी आधी दाखवलं असतं तर मी दोन वर्षं थांबलो नसतो. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. चालताना हा पंप चालू असतो. एका जागी उभं राहिलं की बंद. डॉक्टर पोटरी दाबायचे, एक रंग वर जायचा. सोडली की दुसरा रंग खाली. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गेली असं धरतात. माझं जवळजवळ तीन सेकंद वाहत होतं. आडवं झोपवल्यावर ही उलटी धार नीट दिसत नाही. नळ गळतो की नाही ते टाकी रिकामी करून बघण्यातला प्रकार. घोट्याजवळचा तपकिरी रंगसुद्धा साचलेल्या रक्तातून कातडीत उतरलेल्या लोहाचा. मी त्यावर दीड वर्ष खाजेचं मलम चोपडत होतो.

माझ्या समजुतीत रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून रिपोर्ट सांगणारा माणूस. इथे जो बघतो तोच सुई घालतो. मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात पटलं. आमच्याकडेसुद्धा मसाला वाटणारा एक आणि चव बघणारा दुसरा असला की भाजी बिघडते.

बाहेरच्या बाकावर मात्र वैताग. नऊची वेळ दिलेली, आत घेतलं साडेअकराला. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख झाली. डिचोलीचे एक गृहस्थ डायलिसिसवर, हातातली फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, अरुंद झालेली, ती फुग्याने मोकळी करायला आलेले. एक बाई गर्भाशयातल्या गाठींसाठी. पिशवी काढायची नव्हती, तर गाठींना रक्त नेणाऱ्या धमन्यांत बारीक कण सोडून त्यांची रसद तोडणार होते. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलेलं की पहिला दिवस-रात्र पोटात सडकून दुखेल, त्याची तयारी ठेवून या. एका पोराच्या यकृतात पू झालेला, कुशीतून नळी काढलेली. तिला पिगटेल म्हणतात, कारण आतलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं आणि त्यामुळे नळी सहज निसटत नाही. पोराची आजी ते नाव ऐकून दोन मिनिटं पदर तोंडाला लावून हसत होती.

आणि एक म्हातारे, साखरेमुळे पायाचा अंगठा काळा पडलेला. त्यांच्या पायाच्या धमनीत फुगा घालून रस्ता रुंद करणार होते. त्यांच्याकडे बघून मला माझी मावशी आठवली. तिचा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा असलं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांना हे बोललो तर ते म्हणाले, या शाखेची सुरुवातच अशा पायापासून झाली. अमेरिकेत पोर्टलंडला १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी आतून नळ्या घालून रुंद केली. बाईंनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता. पुढे अडीच वर्षांनी न्यूमोनियाने गेल्या, तोवर ती धमनी उघडीच होती. मी मावशीचा विषय तिथेच थांबवला.

आता माझं काम. भूल फक्त जागेवरची. गुडघ्याच्या खाली सोनोग्राफीवर बघत शिरेत सुई, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, नळीतून लेझरचा धागा. त्याच्या उष्णतेने शीर आतून बंद करायची. धाग्याचं टोक जांघेतल्या मोठ्या शिरेच्या तोंडापासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवतात, ते इंचपट्टी लावल्यासारखं पडद्यावर मोजलं. क्ष-किरण कुठेच नाहीत, सगळं ध्वनिलहरींवर. शिशाचे जड एप्रन खुंटीवरच राहिले. सगळ्यांनी हिरवे चष्मे लावले, मलाही एक. मशीनवर १४७० नॅनोमीटर असं लिहिलेलं मी वाचलं, कारण वर बघण्याशिवाय काम नव्हतं.

कुणी म्हणेल दुखत नाही, तर ते खोटं. लेझर कळत नाही, हे खरं. पण त्याआधी शिरेभोवती गार सलाईनमध्ये मिसळलेलं भुलीचं औषध भरतात, मांडीभर, आणि त्यासाठी दहा-बारा वेळा टोचतात. त्याने शीर आकसते आणि बाजूच्या मांसाला चटका बसत नाही. पहिल्या चार टोचण्यांना मी देवाचं नाव घेतलं, पुढच्यांना दुसरं काहीतरी.

घोट्याजवळच्या वेड्यावाकड्या गुंत्यात लेझरचा धागा जात नाही. तिथे फेस. दोन सिरिंज एका तोटीला जोडल्या, एकीत औषध, दुसरीत त्याच्या चौपट हवा, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे, वीसेक वेळा. पांढरा दाट फेस तयार. मी आयुष्यभर चहा वरून खाली ओतून फेस काढतोय, त्यामुळे मान उचलून बघितलंच. नर्सबाई ओरडल्या. हात मात्र त्यांचा चांगला, फेस एकजीव होता.

पाऊण तासात आटोपलं. टाका एकही नाही, सुईच्या भोकावर पट्टी. वर जांघेपर्यंत बँडेज, त्यावर घट्ट मोजा, आणि लगेच कॉरिडॉरमध्ये अर्धा तास चालायला लावलं. संध्याकाळी भाच्याच्या गाडीतून घरी. माझी पँट काही बँडेजवरून चढेना, म्हणून जुने गोवे, बाणस्तारी, भोम असा सगळा रस्ता पंचा गुंडाळून बसलो. भोमला भाच्याने मुद्दाम सोड्यासाठी गाडी थांबवली.

सगळे एकच विचारतात: शीर बंद केली तर रक्त जाणार कुठे? पायातलं बहुतेक रक्त मुळात आतल्या खोल शिरांतूनच जातं. त्या मोकळ्या आहेत ना, हे आधी तपासूनच हात लावतात. माझी जी बंद केली ती वर न्यायच्या ऐवजी खालीच आणत होती.

तक्रारी आहेत. संमतीपत्र चार पानं, सगळं इंग्रजीत. डॉक्टरांनी तोंडी नीट समजावलं, पण सही त्या इंग्रजीवरच केली. दुसरी तक्रार मोज्याची. माप घेतलं दुपारी, पाय सुजलेला असताना. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि मोजा मांडीवरून घसरून गुडघ्यामागे वळी पडून रुतायला लागला. बदलून दिला, पण त्यासाठी पणजीची एक खेप. आणि हा मोजा मे महिन्यात घालायचा कुणी विचारसुद्धा करू नये. पावसाळ्यात करून घ्या, धंदाही मंद असतो.

दहाव्या दिवसाच्या सुमाराला मांडीच्या आतून दोरी ओढल्यासारखं व्हायचं. बंद झालेली शीर आकसते त्याचं ते. पोटरीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. गुडघ्याखाली शिरेला चिकटून एक मज्जातंतू जातो, असं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं, म्हणून कुरकुर करत नाही. आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी झाली, गुठळी खोल शिरेकडे सरकली नाही ना ते बघायला. ही खेप चुकवू नका.

बिल ऐंशी हजारांच्या आत राहिलं, मोजे वेगळे. विमा मिळाला, रात्रभर न राहताही, कारण हे डे-केअरमध्ये बसतं. पण बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. माझी तिसऱ्या वर्षात होती म्हणून निभावलं. आधी कागद वाचा, मग तारीख घ्या.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो बाकावरच्या अडीच तासांचा.

गणेश चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला स्टुलावर मीच चढलो, खाज नाही, रात्रीचे गोळे नाहीत. घोट्याचा डाग मात्र आहे तसाच, तो लवकर जाणार नाही असं सांगितलंय. कढईसमोर आता टाचा वर-खाली करत उभा असतो. डॉक्टरांचाच हुकूम, पोटरीचा पंप चालू राहावा म्हणून. हॉटेलातली पोरं म्हणतात, शेट नाचतो. डाव्या पायाची उलटी धार दीड सेकंदाची निघाली आहे, त्याची तारीख दिवाळीनंतरची घेतली. या खेपेला मोज्याचं माप सकाळी उठल्या उठल्या घेणार, आणि घरून सैल लेंगा नेणार.