पाच रुपयांची ओ-रिंग आणि बर्लिनचा चीफटन: मिनी कॉम्प्रेसर नऊ महिने वापरल्यानंतर

जुलैतल्या एका रात्री माझ्या चीफटन रणगाड्याच्या मॉडेलच्या टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या पेनातून, पाण्याचा थेंब पडला. त्या थेंबाने तीन आठवड्यांचं मास्किंग (टेप लावून रंगाच्या कडा आखणं) खराब केलं. आज ऑक्टोबर उजाडलाय, रणगाडा पूर्ण होऊन कपाटात उभा आहे आणि एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर अजून माझ्याकडेच आहे. एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो, जुलैमध्ये कुणाला फुकटही घेऊ दिला नसता. आता दोन्ही म्हणणार नाही.

मशीनबद्दल फार सांगत नाही. एक षष्ठांश हॉर्सपॉवरची बिनतेलाची मोटर, ३ लिटरची टाकी, ४ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) आपोआप बंद, ३ बारला पुन्हा चालू, सोबत ०.३ मिलिमीटर नोझलचा ड्युअल ॲक्शन एअरब्रश आणि दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरला जोडलेला वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी वाटी. असे सेट वेगवेगळ्या नावांनी विकतात, आतला माल बहुतेक सारखाच. जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू असताना ऑनलाइन मागवला, ७,८५० रुपयांना. युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. दोन वर्षं हाताच्या ब्रशने रणगाडे रंगवले, ते एकाच कारणासाठी थांबवलं: मला बर्लिनचा चीफटन करायचा होता, आणि त्याचे पांढरे चौकोन ब्रशने सपाट येतच नाहीत.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८०च्या दशकात पश्चिम बर्लिनमधल्या ब्रिटिश ब्रिगेडने आपल्या चीफटन रणगाड्यांना पांढऱ्या, करड्या आणि तपकिरी रंगाचे चौकोनी ठोकळे मारले होते. नेहमीचे वळणदार पट्टे झाडाझुडपांत लपतात. शहरात मागे भिंत असते, खिडकी असते, दाराची चौकट असते, सगळ्या रेषा उभ्या-आडव्या. त्या रेषांमध्ये वळणदार रंगाचा रणगाडा उलट उठून दिसतो, चौकोनी रंगाच्या रणगाड्याची कड मात्र भिंतीत विरते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये असा एक चीफटन जपून ठेवला आहे. मी तिथे गेलेलो नाही, फोटोंवर काम केलं. तोफेसकट साडेदहा मीटरांहून लांब असलेला हा रणगाडा १/३५ प्रमाणात साधारण तीस सेंटिमीटरचा होतो. किट टामियाचा जुना, मार्क ५. ट्रॅक रबरी आहेत, बारकावे नव्या किटांइतके नाहीत, पण भाग एकमेकांत नीट बसतात आणि किंमत खिशाला झेपते. जोडणीवर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

खरं काम रंगाचं. त्यात बाबांचा मोठा वाटा आहे, तो इथे नोंदवतो. बाबांनी अठ्ठावीस वर्षं जेकार्ड चादरीचे ग्राफ काढले. ग्राफमधला भरलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक, भोक म्हणजे ताण्याचा तेवढा धागा वर. मी फोटो बघून टेप थेट मॉडेलवर चिकटवायला निघालो होतो. बाबांनी थांबवलं. म्हणाले, “अरे, चौकोन आला की ग्राफ आला. आधी कागदावर बसव. चादरीतल्या मोराची मान दोन कार्डांमध्ये तुटली तर चादरीवर तुटलेलीच दिसते.” मग आम्ही मिलिमीटर ग्राफवर डावी बाजू, उजवी बाजू, वरून आणि मागून असे चार आराखडे काढले. एक खण म्हणजे एक मिलिमीटर. टरेटवरचा ठोकळा खाली हलवर (रणगाड्याच्या धडावर) उतरतो, तिथून साइड स्कर्टवर (बाजूच्या पत्र्यांवर) जातो, आणि प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाचा कोन बदलतो. ग्राफशिवाय त्या रेषा जुळल्या नसत्या. पेन्सिलीने ठोकळ्यांना नंबर देताना बाबांचा हात अजूनही थरथरत नाही, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं.

फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य मी या मशीनवर खूश होतो. प्रायमर एकसारखा बसला. पांढऱ्यात किंचित करडा मिसळून पहिला रंग मारला, कारण एवढ्या लहान आकारावर शुद्ध पांढरा खडूसारखा दिसतो. १५ ते १८ पीएसआयला, म्हणजे एक बारच्या किंचित वर, फवारा सरळ येतो. आवाज इतका कमी की शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना रात्री अकरानंतरही काम चाललं.

एप्रिलच्या शेवटी सोलापूरचा उन्हाळा आला. पत्र्याखालच्या माझ्या खोलीत दुपारी रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच वाळायचा. नोझलच्या सुईवर खपली धरायची, दोन मिनिटांत फवारा तिरका. पृष्ठभागावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत. यात मशीनचा दोष नाही, टामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर असतात आणि आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत. एक भाग रंगाला दोन भाग थिनर, वर रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब, आणि वेळ पहाटे पाच ते सात. एवढ्याने प्रश्न सुटला. दुसरी गोष्ट मात्र सुटली नाही: वीस मिनिटांत मोटर तापून बंद पडायची आणि पाऊण तास हात लावू द्यायची नाही. तेव्हा मी तेही उन्हावरच ढकललं.

आता जुलै. पांढरा आणि करडा झाले होते, तपकिरी शेवटचा. सहा आणि दहा मिलिमीटरच्या टेपा काचेवर चिकटवायच्या, नव्या ब्लेडने कापायच्या, ग्राफवरचा नंबर बघून चिमट्याने लावायच्या. हॅचच्या बिजागऱ्या आणि पेरिस्कोपच्या कडेला टेप उठते, तिथे दोन मिलिमीटरचे तुकडे टूथपिकने दाबायचे. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग हलका मारायचा, म्हणजे फट त्याच रंगाने भरते आणि वरचा आत शिरत नाही. हे सगळं करून टरेटच्या डाव्या बाजूला तपकिरीचा दुसरा हात देत होतो. बाहेर पाऊस. एअरब्रश एकदम खोकल्यासारखा झाला आणि ओल्या रंगावर मोहरीएवढा पाण्याचा थेंब आदळला. हवेच्या जोराने त्याला कोळ्यासारखे पाय फुटले. एक पाय टेपच्या कडेला टेकला आणि माझ्या डोळ्यांदेखत आत सरकला. टेप काढली तेव्हा पांढऱ्या ठोकळ्यावर तपकिरी झालर उमटली होती, केसाइतक्या बारीक पाच रेघा. अल्कोहोलने पुसायला जावं तर खालचा पांढराही निघतो. त्या रात्री मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. व्हिडिओ मागितला, पाठवला. उत्तर आलं की वॉरंटी फक्त मोटरवर आहे आणि पावसाळ्यात पाणी येणं “नॉर्मल” आहे. मग ट्रॅप कशाला दिलाय, हे मी विचारलं, तर फोन दुसऱ्या विभागाकडे. अकरा दिवस हेच चाललं. शेवटी नवा ट्रॅप पाठवला, कुरिअरचे १८० रुपये माझ्याकडून घेऊन. तो लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब.

इथे आमच्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या अण्णांचे उपकार आहेत. बटण लावायची मशीनं आमच्याकडे हवेवर चालतात, त्यामुळे लाइनीतलं पाणी हे त्यांचं रोजचं दुखणं. मी मशीन पिशवीत घालून नेलं. त्यांनी टाकीला हात लावला, मग ट्रॅपला. “साहेब, हवा अजून गरमच आहे की ओ. गरम हवेतलं पाणी हा कसा धरणार?” ४ बारला हवा जवळजवळ पाचपट दाबली जाते, तिच्यातली वाफही त्याच जागेत कोंबली जाते. हवा गरम असेपर्यंत ती वाफ म्हणूनच राहते आणि टाकीला चिकटून बसलेल्या ट्रॅपमधून सरळ पुढे जाते. नळीत गार झाली की थेंब होतो, आणि तेव्हा ट्रॅप मागे राहिलेला असतो.

पण अण्णा तिथे थांबले नाहीत. एअरब्रश बंद ठेवून त्यांनी काटा बघायला सांगितला. चार मिनिटांत ४ वरून ३, मोटर पुन्हा चालू. मग पंक्चरवाल्यासारखा साबणाचा फेस सगळ्या जोडांना लावला. ट्रॅपच्या वाटीभोवती बुडबुड्यांची माळ उठली. वाटी उघडली तर आतली ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणारं रबरी कडं) दीड मिलिमीटर जाडीची, आणि खाच दोनची. विक्रेत्याने पाठवलेल्या नव्या ट्रॅपमध्येही तीच. म्हणजे जानेवारीपासून हवा गळत होती, मोटर दर चार मिनिटांनी उठत होती, त्यामुळे मे महिन्यात तापून बंद पडत होती, त्यामुळे टाकी कायम गरम, आणि गरम टाकीमुळे जुलैमध्ये पाणी. तीन महिने मी उन्हाला दोष दिला. कारण रबराच्या एका कड्यात होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या न्यूमॅटिकच्या दुकानात दोन मिलिमीटरची नायट्राइल रिंग पाच रुपयांना मिळाली. दहा घेतल्या. शिवाय एअरब्रशच्या टोकाला बसणारा छोटा ट्रॅप ४२० रुपये आणि तीन मीटर जादा नळी २१० रुपये. नळीची गुंडाळी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो, म्हणजे हवा गार होऊनच दुसऱ्या ट्रॅपपर्यंत येते. अण्णांनी एक ताकीद दिली, ती तुम्हीही पाळा: कारखान्यात वापरतात ते पूर्ण एफआरएल युनिट (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर एकत्र) आणू नका, त्यातला ल्युब्रिकेटर हवेत तेल सोडतो आणि तेलावर रंग धरत नाही. टाकीच्या तळाचा ड्रेन रोज उघडा. हे मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा अर्धी वाटी गंजकट पाणी निघालं, सहा महिन्यांचं.

रिंग बसवल्यापासून मशीन वेगळंच वागतंय. रात्री ४ बारला बंद केलेला काटा सकाळी तिथेच असतो. ऑगस्टमध्ये भर पावसात सलग पन्नास मिनिटं काम केलं, मोटर एकदाही तापून पडली नाही, थेंब एकही नाही. तो पांढरा ठोकळा, बारा बाय नऊ मिलिमीटरचा, चारही बाजूंनी पुन्हा मास्क करून तीन पातळ हातांत परत आणला. बाबांनी भिंगातून पाहिला आणि झालर कुठे होती ते त्यांना सापडलं नाही. धूळ आणि चिखलाच्या वेळी नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये काढलेले सेंच्युरियनचे फोटो कामी आले. चीफटनच्या आधीचा ब्रिटिश रणगाडा तोच, पाणी आणि गंज स्कर्टच्या कडेने कसे उतरतात ते त्यावर नीट दिसतं.

आता विकत घ्यायचा का? मोटर चांगली आहे, टाकी चांगली आहे, एअरब्रशची सुई नऊ महिन्यांत वाकलेली नाही. ७,८५० मध्ये याहून बरं मला दिसलं नाही. पण आणल्या दिवशीच, परत करायची मुदत संपायच्या आत, एअरब्रश बंद ठेवून दहा मिनिटं काट्याकडे बघा. काटा उतरला तर साबणाचा फेस लावा. मी हे केलं असतं तर मे महिना आणि तो टरेट दोन्ही वाचले असते. वरचा खर्च धरून मशीन मला ८,७१० रुपयांना पडलं. त्यातले १८० त्या निरुपयोगी ट्रॅपच्या कुरिअरचे, आणि तेवढेच अजून डोक्यात बसलेत.

विक्रेत्याला मी रिंगचं आणि खाचेचं माप लिहून, सोबत फोटो जोडून पाठवलं, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तरी बरोबर रिंग मिळेल. सहा आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. उरलेल्या नऊ रिंगा डबीत घालून कॉम्प्रेसरच्या हँडलला बांधून ठेवल्यात. सोलापुरात कुणाकडे हाच सेट असेल आणि काटा उतरत असेल तर एक घेऊन जा.