डिस्चार्जनंतर घरी माणूस: ब्युरोकडून की ओळखीतून?

पेशंटला घरी नेताना नागपुरात सहसा दोनच वाटा दिसतात. ब्युरोकडून, म्हणजे पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून, अटेंडंट घ्यायचा, नाहीतर ओळखीतून एखादी अनुभवी बाई थेट ठेवायची. बाबांच्या अर्धांगवायूनंतर आम्ही दोन्ही करून पाहिलं. उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, लघवीची पिशवी. मेडिक्लेममध्ये अटेंडंटचा खर्च सहसा बसत नाही, त्यामुळे पैसे दोन्हीकडे खिशातूनच जातात.

ब्युरोचा मोठा आधार म्हणजे खाडा होत नाही. महालक्ष्म्यांना थेट ठेवलेली बाई सुट्टी घेणार, घ्यायलाच हवी. ब्युरो बदली माणूस पाठवतो. घरात दिवसभर कुणी नसेल तर ही सोय फार मोलाची.

पण आम्हाला नडली ती हीच बदली. सणवार नसतानाही माणसं बदलायची. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा: फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) देताना पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवा, नाहीतर फीड उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. एका नव्या मुलाने तर बाबांना सपाट झोपवूनच सिरिंज जोडली. आईने वेळीच हात धरला. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, एअर मॅट्रेस असली तरी. रात्रीचा माणूस निघून गेला की शेवटची कूस कधी बदलली, हे सांगायला कुणी नसायचं. त्यात आपला मे महिना, घामाने पाठ सतत ओली. तक्रार केली की ब्युरोवाले नम्रपणे ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक नवा चेहरा दारात.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीने मावशी आल्या. माकडहाडावरचा लाल डाग आधी त्यांनाच दिसला. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली तर बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू होतोय समजायचं, हे त्यांनी आईला दाखवलं. रोज तीच पाठ पाहणाऱ्यालाच असा डाग नवा आहे हे कळतं.

गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) असेल, सक्शन करावं, म्हणजे मशीनने कफ ओढून काढावा लागत असेल, तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टरच हवी आणि तिथे ब्युरोच बरा. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते. पण आमच्यासारखा पेशंट असेल तर माझा कल मावशींकडे. कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला सिस्टरला तेवढ्यापुरतं घरी बोलवावं. पलंग आणि मॅट्रेस सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने मिळतात.

बाई मात्र डिस्चार्जच्या एक-दोन दिवस आधीच ठरवा आणि वॉर्डात घेऊन जा. तिथल्या सिस्टरसमोर तिला फीड देऊ द्या, घरातल्या एकानेही देऊन पाहा. मावशी महालक्ष्म्यांना गेल्या तेव्हा आईने एकटीने सगळं निभावलं, ते त्यामुळेच.