तालुक्याच्या वाचनालयातील महिला क्रिकेटचा दौरानिहाय कात्रणसंग्रह : एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाने महिला क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय दौऱ्यांविषयीचा एक संग्रह संदर्भ विभागात वाचकांसाठी खुला केला आहे. त्यात वर्तमानपत्री कात्रणे, धावफलकांच्या छापील प्रती आणि हाताने लिहिलेली टिपणे आहेत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हापासून या विषयावर काही वाचायला मागणाऱ्यांची, त्यातही शाळकरी मुलींची, ये-जा येथे वाढली आहे. त्यामुळे हा संग्रह काय देतो आणि कुठे उणा पडतो, हे कोणीतरी नीट नोंदवणे आवश्यक होते.

संग्रहाची मांडणी हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. क्रिकेटविषयक साहित्य बहुधा खेळाडूंच्या नावांनी लावलेले असते. येथे मात्र प्रत्येक दौऱ्याची स्वतंत्र फाईल आहे आणि प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आहे : कोणता संघ कोठे गेला, कर्णधार कोण होती, प्रवास कशाने झाला, खर्च कोणी उचलला आणि निकाल काय लागला. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये मालिका एकामागून एक होत राहतात, म्हणून खेळाडूची कारकीर्द हे मोजमाप पुरते. महिला क्रिकेटमध्ये बराच काळ दौरा हीच एक दुर्मीळ घटना होती. तो ठरला नाही तर उमेदीची वर्षे खेळाविनाच निघून जात असत. 'खर्च कोणी उचलला' हा रकाना ज्या फायलींमध्ये भरलेला आहे, त्या फायली उत्तम आहेत. जेथे तो कोरा आहे, तेथे नुसती कात्रणे उरतात. संपूर्ण संग्रहाविषयी माझे मत या एका वाक्यात आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३४-३५ ची फाईल सर्वांत जाड आहे आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा. इंग्लंडमध्ये १९२६ साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली होती, आणि तिच्या संघाने बेटी आर्चडेल यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा केला. खेळाडूंनी बोटीचे भाडे स्वतःच्या पदरचे भरले होते, आणि त्यामुळे संघात कोण जाणार हे केवळ खेळावर नव्हे, तर कोणाच्या घरी तेवढा पैसा आहे आणि कोणाला इतके महिने रजा मिळते यावरही ठरले, असा स्पष्ट शेरा टिपणकर्त्याने दिला आहे. महिलांची पहिली कसोटी २८ डिसेंबर १९३४ रोजी ब्रिस्बेन येथे सुरू झाली. मर्टल मॅक्लॅगन यांनी अवघ्या १० धावांत ७ बळी घेतले आणि यजमान संघ ४७ धावांत गारद झाला. पुढे सिडनीच्या कसोटीत महिला कसोटीतले पहिले शतकही त्यांनीच काढले. परतीच्या वाटेवर ख्राइस्टचर्च येथे न्यूझीलंडचा संघ ४४ धावांत आटोपला आणि इंग्लंडने ५ बाद ५०३ धावांवर डाव घोषित केला. त्यांत बेटी स्नोबॉल यांच्या १८९ धावा होत्या. धावफलकाची प्रत मोठ्या अक्षरांत काढलेली असल्यामुळे वयस्कर वाचकालाही चष्मा पुसावा लागत नाही.

१८९ हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण १९८६ च्या फाईलमध्ये तो पुन्हा भेटतो.

१९३७ च्या ऑस्ट्रेलियन संघाच्या इंग्लंड दौऱ्याचे एकच पान आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दौऱ्यांची बोळवणही अशीच घाईने केली आहे. अपवाद १९५८ च्या मेलबर्न कसोटीचा. तेथे ऑस्ट्रेलियाचा डाव ३८ धावांत संपला, आणि त्याला उत्तर देताना इंग्लंडचा डाव ३५ धावांतच कोसळला. बेटी विल्सन यांनी हॅटट्रिकसह ७ धावांत ७ बळी घेतले, दुसऱ्या डावात शतक ठोकले आणि सामन्यात एकूण ११ गडी बाद केले. कसोटीत शतक आणि दहा बळी हा पराक्रम पुरुष वा महिला अशा कोणत्याही क्रिकेटमध्ये त्याआधी कोणी केला नव्हता. असे असूनही भिंतीवरच्या फलकावर या पराक्रमाचे पहिले श्रेय इंग्लंडच्या इयान बॉथमला दिले आहे. बॉथमची कामगिरी १९८० साली मुंबईत वानखेडेवर झाली आणि ती आपल्या आठवणीत आहे हे खरे. पण ती बावीस वर्षांनंतरची आहे, आणि खालच्याच कपाटातील फाईल हे सांगत असताना वर तो फलक लटकत राहणे संग्रहाला शोभत नाही. त्याच फलकावर १९७५ ची स्पर्धा हा क्रिकेटचा पहिला विश्वचषक असल्याचे म्हटले आहे, तेही बदलावे लागेल. महिलांचा विश्वचषक इंग्लंडमध्ये १९७३ सालीच झाला होता. त्यासाठी रेचल हेहो फ्लिंट यांनी धडपड केली, उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी पैसा पुरवला, आणि बर्मिंगहॅमच्या शेवटच्या सामन्यात एनिड बेकवेल यांच्या ११८ धावांच्या जोरावर इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला नमवले.

त्या स्पर्धेत भारत नव्हता. भारतीय महिला क्रिकेट संघटना त्याच वर्षी लखनऊ येथे स्थापन झाली, आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात भरली, तिच्यात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. येथून पुढचा भाग मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. १९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ भारतात आला तेव्हा तीन अनधिकृत कसोटी सामन्यांसाठी तीन वेगवेगळ्या कर्णधार होत्या, आणि पुण्याच्या सामन्यात नेतृत्व उज्ज्वला निकम यांच्याकडे होते. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारताची पहिली अधिकृत कसोटी सुरू झाली. शांता रंगास्वामी यांच्या या संघाने त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजय मिळवला, आणि सहा सामन्यांची ती मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. पुढे जानेवारी १९७७ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथे शांता रंगास्वामी यांनी १०८ धावा केल्या. भारतीय महिलेचे ते पहिले कसोटी शतक होय. या फाईलमध्ये लेगस्पिन टाकणाऱ्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांच्याविषयी एक स्वतंत्र टिपण आहे आणि ते भक्तिभावाने नव्हे, तर खेळ समजून लिहिलेले आहे. चेंडूला उंची देण्याचे धाडस आणि त्यासाठी कर्णधाराचा लागणारा विश्वास याविषयीचा त्यातील परिच्छेद कोणत्याही क्रीडाशिक्षकाने वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

मात्र नेमक्या याच फाईलमध्ये खर्चाचा रकाना कोरा आहे. त्या पिढीच्या खेळाडूंनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिकत, म्हणजे आरक्षण नसलेल्या डब्यातून केलेले रेल्वेचे प्रवास, वसतिगृहाच्या फरशीवर अंथरलेली वळकटी आणि काही मोजक्याच बॅटी आळीपाळीने वापरणे, ही येथे एका ओळीतही नाही. ब्रिस्बेनला गेलेल्या इंग्रज खेळाडूंनी भाडे कसे भरले हे सविस्तर सांगायचे आणि पाटण्याला गेलेल्या आपल्या मुलींच्या डब्याविषयी मौन बाळगायचे, हा तोल मला खटकला. माहिती दुर्मीळ आहे असेही नाही. अलीकडच्या कागदांत मिताली राज यांच्या मुलाखतीतील एक ओळ चिकटवलेली आहे : २००५ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या संघाला सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते. तिच्या शेजारीच ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने महिलांना पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन, म्हणजे कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये, जाहीर केल्याची बातमी आहे. ही दोन कात्रणे शेजारी ठेवणाऱ्याला विषय नक्की कळलेला आहे. मग त्याने मागे जाऊन तो कोरा रकाना भरावा, एवढीच अपेक्षा.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्याची फाईल माझ्या मते भारतीय विभागातील सर्वोत्तम आहे. इंदूरच्या संध्या अगरवाल यांनी वूस्टर येथे १९० धावांची खेळी केली आणि स्नोबॉल यांचा महिला कसोटीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा एक्कावन्न वर्षांपूर्वीचा विक्रम एका धावेने मागे टाकला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या डेनिस अ‍ॅनेट्स यांनी १९३ धावा करून तो मोडला. त्याच दौऱ्यात डायना एडलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आल्याचा प्रसंगही दिला आहे. लॉर्ड्सची मालकी असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने महिलांना सभासद करून घेण्याचा निर्णय १९९८ साली घेतला, ही तळटीप जोडल्यामुळे प्रसंगाचा अर्थ आणखी गडद होतो. १९९५ च्या जमशेदपूर कसोटीत नीतू डेव्हिड यांनी ५३ धावांत ८ बळी घेतले, तरीही भारत दोन धावांनी हरला. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी दुपारी कपाशीच्या फवारणीतून सवड काढून वाचावा असा हा धावफलक आहे, कारण त्यातला शेवटचा तास कागदावरूनही अस्वस्थ करतो. मिताली राज यांच्या २००२ मधील टाँटन येथील २१४ धावा आणि त्याच मैदानावर २००६ साली झूलन गोस्वामी यांनी दहा बळी घेऊन मिळवून दिलेला विजय, ज्यामुळे भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकली, यांची पाने नीटनेटकी आहेत, पण टिपणे शाळेच्या निबंधासारखी झाली आहेत.

मांडणीविषयी एक गंभीर सूचना करावीशी वाटते. फायली एकमेकींना खेटून लावल्यामुळे मधली रिकामी वर्षे दिसेनाशी होतात. जानेवारी १९७७ ते जानेवारी १९८४ या सात वर्षांत भारतीय महिला संघ एकही कसोटी खेळला नाही. २००६ नंतर आठ वर्षे कसोटी नव्हती, आणि २०१४ च्या दोन सामन्यांनंतर पुढची कसोटी थेट जून २०२१ मध्ये ब्रिस्टलला झाली. १९८८ च्या विश्वचषकातही भारताचा संघ नव्हता. या वर्षांच्या नावाने कोऱ्या फायली ठेवाव्यात, त्यांवर सन लिहावेत आणि त्या दोन्ही बाजूंच्या भरलेल्या फायलींच्या मधोमध उभ्या कराव्यात. तसे केले तर २०१४ मध्ये वॉर्म्सली येथे आठ नवोदित खेळाडूंसह इंग्लंडला हरवणाऱ्या संघाचे, ज्यात सांगलीची स्मृती मानधनाही पदार्पण करत होती, मोल वाचकाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडवर ३४७ धावांनी आणि त्यानंतर वानखेडेवर ऑस्ट्रेलियावर आठ गडी राखून मिळवलेले विजयही त्याच पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत.

आता आपल्या भागाविषयी. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडचा संघ तीन एकदिवसीय सामन्यांसाठी नागपुरात आला होता. पहिल्याच सामन्यात मिताली राज यांनी शार्लट एडवर्ड्सचा सर्वाधिक एकदिवसीय सामने खेळण्याचा विक्रम मागे टाकला, भारताने तो सामना एक गडी राखून जिंकला आणि मालिका २-१ अशी खिशात घातली. वैदर्भीय एप्रिलमध्ये इंग्रज खेळाडूंना दुपारभर मैदानात उभे करण्याची कल्पना कोणाची होती हे कळायला हवे होते. पण या दौऱ्याच्या फाईलमध्ये जेमतेम दोन कात्रणे आहेत. विदर्भातील खेळाडूंची तर वेगळी फाईलच नाही. २०१७ च्या विश्वचषक संघात असलेली नागपूरची मोना मेश्राम आणि २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी पदार्पण केलेली अमरावतीची भारती फुलमाळी या दोघींची नावे फक्त संघांच्या याद्यांत सापडतात. ब्रिस्बेनच्या १९३४ च्या खेळपट्टीवर दोन पाने आणि अमरावतीच्या मुलीवर एक ओळही नाही, अशी स्थिती असल्यास येथील वाचकाने तक्रार केलीच पाहिजे, आणि मी ती सूचना-वहीत लिहून ठेवली आहे.

सेवेबद्दल थोडक्यात. ग्रंथपाल आणि त्यांचे सहकारी तत्पर आहेत. फाईल मागितली की नोंदवहीत सही घेऊन लगेच काढून देतात, आणि शाळकरी मुलींना सभासद नसतानाही तेथे बसून वाचू देतात, हे विशेष नमूद करावेसे वाटते. फायली घरी मिळत नाहीत, ते योग्यच आहे. जुनी कात्रणे मात्र डिंकाने चिकटवली असून काहींना कसर लागली आहे. ती वेळीच प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली नाहीत तर दोन पावसाळ्यांत हा संग्रह निम्मा होईल. झेरॉक्सची सोय समोरच्या दुकानात आहे, पण सुट्या न होणाऱ्या पानांची प्रत काळी निघते, म्हणून मोबाईलवर छायाचित्र काढण्याची परवानगी आधीच विचारून घ्यावी. खेड्यांतून येणाऱ्या मुली शाळा सुटल्यावरच वाचनालयात पोहोचू शकतात, आणि संदर्भ विभागाला कुलूप लागण्याची वेळ व त्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ यांत फारसे अंतर नसते. एसटीचा मोफत पास हातात असूनही त्यांना दोन पाने वाचून उठावे लागते. आठवड्यातून निदान शनिवारी हा विभाग सकाळपासून उघडा ठेवल्यास ही अडचण दूर होईल.

प्रथमच जाणाऱ्याने १९३४-३५, १९७६-७७ आणि १९८६ या तीन फायली मागाव्यात आणि भिंतीवरचा फलक सध्या वाचू नये. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात अभ्यासिकेत जागा नसते व संदर्भ विभागाच्या खुर्च्याही तिकडेच नेलेल्या असतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च टाळून जाणे सोयीचे.