बॉल घेताना पॅनल मोजू नका, शिलाई बघा

मी फुटबॉलमधला गोलकीपर आहे, त्यामुळं हाच रिव्ह्यू स्ट्रायकरनं लिहिला असता तर वेगळा आला असता हे आधीच सांगतो. आमच्या ग्रुपनं वर्गणी काढून दोन बॉल घेतले. एक ऑनलाइन मागवलेला, थर्मो बॉन्डेड (म्हणजे न शिवता उष्णतेनं चिकटवलेला), वर्ल्ड कपच्या बॉलसारखं डिझाइन मारलेला, आणि दुसरा जालंधरचा साधा 32 पॅनलचा, म्हणजे 32 तुकडे जोडलेला, हातशिलाईचा. कंपन्यांची नावं घेत नाही, मुद्दा नावाचा नाहीच.

आधी तो चकचकीतवाला. दिसायला नाद खुळा. एकदम गोल, बाउन्स सगळीकडून सारखा, पावसात पाणी पीत नाही, पासिंगला तर लोण्यासारखा. पण कोणी लांबून सरळ मधोमध हाणला आणि बॉल फिरला नाही की माझी वाट लागते. व्हॉल्व्ह माझ्याकडं तोंड करून तसाच्या तसा येताना दिसला की समजायचं आता हा नाचणार, आधी डावीकडं सरकतो, मी वजन डावीकडं टाकतो, आणि अगदी शेवटी उजवीकडं कलतो नाहीतर धपकन खाली येतो आणि ग्लोव्हजच्या बोटांना चाटून आत. स्ट्रायकर लोक लगेच स्वतःला रोनाल्डो समजायला लागतात, अरे बाबांनो त्यात तुमचं कौतुक थोडं कमी आहे.

बॉल हातात घेऊन जोडावरून नख फिरवा, जेमतेम लागतं. वरचा पृष्ठभागही काचेसारखा, दाणे नाहीत काही नाही. इथंच गोम आहे. हवेचा पातळ थर बॉलला चिकटून मागं सरकत असतो, बॉल गुळगुळीत असेल तर तो थर लवकर सुटतो, मागं मोठी खळबळ होते आणि बॉलला ब्रेक लागतो. खडबडीत असेल तर तो थर आधीच ढवळला जातो आणि उलट जास्त वेळ चिकटून राहतो, त्यामुळं ब्रेक कमी. म्हणजे खडबडीत बॉल शॉटच्या वेगाला जास्त चांगला पळतो, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. आता थर लवकर सुटायचा की चिकटून राहायचा हा बदल ज्या वेगाला होतो त्याच्या आसपास जवळजवळ न फिरणारा बॉल असला की एका बाजूला जोड आडवा आल्यामुळं हवा चिकटते, दुसऱ्या बाजूला सुटते, आणि बॉल हळूहळू स्वतःभोवती फिरत जाईल तशी ही बाजू बदलत राहते. हाच तो नाच.

2010 च्या आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपला जाबुलानी या बॉलचं हेच झालं होतं. फक्त 8 पॅनल, जोड उथळ. नासाच्या एम्स सेंटरमधले रबी मेहता, क्रिकेटच्या स्विंगवर काम केलेले, त्यांच्या टीमनं तपासलं तर हा नाच ताशी 72 ते 80 किलोमीटरला सगळ्यात जास्त, म्हणजे नेमका फ्रीकिकचा वेग! कॅसियास, ज्युलिओ सेझार वगैरे कीपर उगाच बोंबलत नव्हते. मग 2014 च्या वर्ल्ड कपला ब्राझुका हा बॉल आला, त्याला पॅनल आणखी कमी, 6 च, तरी तो सरळ जायचा. कारण शिलाई, म्हणजे जोड म्हणा, जाबुलानीच्या दोन मीटरच्या जागी सव्वातीन मीटरच्या आसपास लांब आणि तिप्पट खोल, वर बारीक दाणे. नाच ताशी 48 च्या आसपास गेला, त्या वेगाला कोण शॉट मारतं. त्यामुळं दुकानदार 'नवीन टेक्नॉलॉजी, कमी पॅनल' म्हणून भाव वाढवायला लागला तर फक्त मान डोलवा.

आता जालंधरवाला. दिसायला शाळेतल्या पीटीच्या तासाचा. पण शिलाई खोल, जोड लांबच लांब, आणि हवेत कुठं जाणार ते आधी कळतं. कर्ल मारला की जेवढी फिरकी तेवढाच वळतो, मला पाऊल टाकायला वेळ मिळतो. (जत्रेतला प्लास्टिकचा बॉल फिरकी देऊन मारून बघा, एखाद्या वेळी उलट्याच बाजूला वळेल, तोही गुळगुळीतपणाचाच प्रताप.) तोटे आहेत, ओल्या मैदानावर शिलाईतून पाणी पितो आणि जड होतो, हेडर मारला की डोकं सुन्न. खडकाळ ग्राउंडवर दोरा पण आधी तिथंच उसवतो.

पावसाळ्यात प्रॅक्टिसला चकचकीत, मॅचला शिलाईवाला, असं आमचं ठरलंय. बॉन्डेडच घ्यायचा असेल तर जोडात नख अडकतंय आणि वर दाणे लागतायत असा बघा, ऑनलाइन असेल तर जोडाचा झूम फोटो नसलेला घेऊच नका. आणि हवा दाबून बघून नाही, गेजनं भरा, नियमात हवेचा दाब 8.5 ते 15.6 पीएसआय आहे, पण व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा असेल तोच धरा. पिन ओली करून घाला, कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह गेला.