तालुक्याचं वाचनालय: पाचपैकी साडेतीन

आमच्या गावातल्या वाचनालयाला नकाशावर कुणीतरी एकच तारा दिलाय. 'कधीही जा, बंदच.' वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी चार ते सात. दुपारी एकला येऊन कुलूप बघून गेलेल्या एखाद्या पाहुण्याचं हे काम असणार. तरी त्याचं अगदीच चूक नाही. इथले चार म्हणजे कधी सव्वाचार, कधी पाच, आणि कुणाकडे बाराव्याला जायचं असलं तर तेही नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. सिंधुदुर्गातलं, चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू, 'ब' वर्गातलं वाचनालय एवढं पुरे.

माझं मेडिकल आहे. वाचनालय उघडं असतं नेमकी तेव्हाच माझ्याकडे गर्दी. त्यामुळे पुस्तक बदलायला दुकानातल्या पोराला पाठवतो, चिठ्ठीवर दोन-तीन नावं लिहून. त्यातलं एकही येत नाही. ग्रंथपाल चिठ्ठी वाचतात, खिशात घालतात आणि त्यांना वाटेल ते पुस्तक देतात. वर निरोप: "त्येंका सांग, आधी ह्यां वाचा, मगे बोला." रहस्यकथा मागावी तर मिठागरांवरचं काहीतरी येतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी पाककृतींचं पुस्तक मागितलं, तर "तुमका जेवाण करूक येता, ह्यां कित्याक?" नवीन सभासद चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. वर्गणी आपण भरायची आणि निवड दुसऱ्यानं करायची, हे कुठल्या नियमात बसतं?

पण हा माणूस परत आलेलं पुस्तक उघडून बघतो. मी खुणेला औषधाच्या खोक्याचा तुकडा घालतो, तो पान साठवरच राहिलेला दिसला की पुढच्या वेळी त्या जातीचं पुस्तक येत नाही. मिठागरांचं ते मी दोनदा वाचलं. घरपोच पुस्तकं देणाऱ्या कुठल्याही ॲपनं मला अजून असं काही सुचवलेलं नाही.

संगणक आहे, त्यावर शिवलेलं कापडी झाकणही आहे. शोधाशोध मात्र दाखल नोंदवहीतून आणि ग्रंथपालांच्या डोक्यातून. हे डोकं आजारी पडलं तर काय करायचं, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारला गेला होता. सभा नेहमीप्रमाणे गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी भरली आणि प्रश्न पुढच्या सभेवर गेला. अध्यक्ष मला आठवतंय तेव्हापासून तेच. सत्कार, पुस्तक प्रकाशन, शाळेचं स्नेहसंमेलन, कुठल्याही व्यासपीठावर त्यांची खुर्ची मधली. मात्र मे 2021 मध्ये तौक्ते वादळानं मागच्या खोलीची कौलं उडवली, तेव्हा स्वतःच्या आंब्याच्या बागेतली झाडं आडवी झालेली असताना त्यांनी आधी इथं ताडपत्री आणि माणसं पाठवली. अनुदान यायचं तेव्हा आलं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. अनुदान वर्गाप्रमाणे ठरतं, ते हप्त्यांनी येतं, आणि त्यातच पगार, पुस्तकं, वीजबिल असं सगळं बसवायचं. म्हणून ग्रंथपाल दुपारी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितात. चारचे पाच होतात ते बहुतेक तिथंच.

पुस्तकांची अवस्था सांगायलाच हवी. मृगाच्या आधी खालचे खण रिकामे करतात, तरी आषाढात घेतलेल्या पुस्तकाला बुरशीचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास असतो. दमा असलेल्यांनी पावसाळ्यात वाचनकक्षात बसू नये, हे मी औषधवाला म्हणून सांगतो. पुण्याचा माझा मेहुणा म्हणतो, सगळं स्कॅन करा आणि रद्दी काढा. त्याला कोकण कळलेलं नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं 2005 च्या पुरात गेली, 2021 च्या पुरात पुन्हा गेली. 1864 सालची ती संस्था दोन्ही वेळा चिखल उपसून पुन्हा उभी राहिली. आमच्याकडे तर फक्त कौलं गळतात.

आणि रद्दी म्हणाल तर गेल्या वर्षीची गोष्ट. बंदराजवळच्या एका बाईंना वारसाच्या कामासाठी नव्वदच्या दशकातली एक जाहीर नोटीस हवी होती. वकिलानं हात वर केले होते. ग्रंथपाल पोटमाळ्यावर चढले आणि धूळ झटकत बांधीव फाइल घेऊन उतरले. पानाला थुंकी लावू नका म्हणून बाईंना दोनदा ओरडले, झेरॉक्स काढायला स्वतः चौकात गेले आणि झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी वाचनालय बाकीच्यांना दीड तास बंद मिळालं. एक तारा त्याच दिवशीचा असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अर्धा तारा मी अभ्यासिकेच्या पंख्यांसाठी कापलाय आणि एक वेळेसाठी. तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं तिथं पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात. दोन पंखे ही काही अनुदानाची वाट बघण्याची गोष्ट नव्हे, आणि हे अध्यक्षांना मी दुकानात ब्लड प्रेशरच्या गोळ्या देताना सांगितलेलं आहे.

सभासद व्हायचं तर संध्याकाळी सहानंतर जा, अनामत सुट्ट्या पैशांत न्या. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी आहे, ती आधीच भरा. नाहीतर चांगले अंक संक्रांतीपर्यंत हाताला लागत नाहीत. ते कुणाला आधी द्यायचे हेही ग्रंथपालच ठरवतात.