ज्वारीला लागलंय ते सोंडे की खापरा?

कणगीत हात घातला आणि बोटांना पीठ लागलं, की मराठवाड्यात उपाय ठरलेला: ज्वारी वाळवणाला काढा. लागलेली कीड सोंडे असतील तर तो लागू पडतो. खापरा असेल तर फक्त तुमची पाठ उन्हात भाजते.

आधी मूठभर दाणे पांढऱ्या ताटात पसरा. सोंडे तीन-चार मिलिमीटरचे, काळपट, पुढं सोंड, पाठीवर चार तांबूस ठिपके. दाण्याला बारीक गोल भोक. खापऱ्याचा भुंगा क्वचितच नजरेस पडतो. तो उडत नाही, आठ-दहा दिवसांत मरतो. धान्य फस्त करते ती त्याची तपकिरी अळी: अंगभर राठ केस, शेपटीला झुपका. तिच्या कातींचा थर ढिगाच्या वरच साचतो आणि फुंकर मारली की उडतो.

सोंडे दमट हवेचे, कोकणातल्या तांदळाचे नेहमीचे सोबती. मादी दाणा कोरून आत अंडं घालते, वरून तोंड बुजवते. महिना-सव्वा महिन्यानं भुंगा बाहेर पडतो. दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेला की मात्र त्यांची वीण थांबते. म्हणून रब्बी ज्वारी दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा, गार झाल्यावर पाऊस लागायच्या आत हवाबंद करा. उघडी कणगी श्रावणात पुन्हा ओलावा ओढते. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर खडखडीत वाळलेलाच. ओलसर पाला सोंड्यांचीच सोय करतो.

खापरा उलट्या स्वभावाचा. राजस्थानसारख्या कोरड्या, तापलेल्या मुलखात तो माजतो, ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जोरात. अगदी २ टक्के ओलाव्याच्या धान्यावरही जगतो, मग वाळवणाला काय भिणार? अळी भिंतीच्या भेगेत, बारदानाच्या शिवणीत उपाशीपोटी महिनोन्‌महिने पडून राहते. नवी ज्वारी जुन्या पोत्यात भरली, की तिला आयतं ताट. इथं खोलीच साफ करावी लागते: पूर्ण रिकामी करा, भेगा सिमेंटनं बुजवा, पोती १५ मिनिटं उकळा, झाडलेला कचरा जाळा.

बियाण्याची ज्वारी असेल तर खापऱ्याला जास्त भ्या. तो आधी कोंबाची जागा खातो. दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाच दिवसांनी मोड मोजा. ७० पेक्षा कमी आले तर ती ज्वारी पेरू नका.

कीड मारायच्या फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र राहत्या घरातल्या कणगीत टाकू नका, कीड कुठलीही असो. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.