उद्यमनगरातला सेल्फ इंक शिक्का: नऊ महिने, सात हजार ठसे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि वडील विकू देत नाहीत म्हणून उभी असलेली एक जुनी लेथ. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. माल परत पाठवायचा म्हणजे चलन, चलनाच्या तीन प्रती (एक माल घेणाऱ्याची, एक गाडीवाल्याची, एक आपली) आणि तिन्हींवर शिक्का. सही अस्पष्ट असली तर गेटवरचा माणूस फोन तरी करतो. शिक्का नसला तर टेम्पो थेट बाहेर उभा. दिवसाला आठ-दहा चलनं आणि वर बिलं धरली तर तीस-पस्तीस ठसे होतात. दसऱ्यानंतर शिक्का घेतला, आता जुलै चालू आहे. सात हजारांच्या पुढं ठसे झाले असतील. एवढ्या वापरानंतर बोलायला हरकत नाही.

आधी वडिलांचा लाकडी मुठीचा शिक्का होता आणि पत्र्याच्या डबीतलं पॅड. तो शिक्का खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या काळातला. छापखान्यात जुळवतात तसे खिळे जुळवायचे, त्यांचा दाब देऊन साचा काढायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवून गरम प्रेसमध्ये पिकवायचं. रबर पिकवणं म्हणजेच व्हल्कनायझिंग. अक्षर अजून खणखणीत आहे, ते मान्य. पण पॅडची डबी उघडी राहिली की पॅड वाळणार, आणि आमच्याकडं ती उघडीच राहते, कारण झाकण शोधणारा माणूस कटिंग ऑइलच्या हातांनी आलेला असतो. एक चलन, तीन ठसे आणि तीन वेळा पॅडवर आपटाआपटी. संध्याकाळी डिस्पॅचच्या घाईत हे नको वाटायचं.

म्हणून दोन सेल्फ इंक शिक्के घेतले, शाईचं पॅड आतच असतं ते. एक ऑफिससाठी, ४७ × १८ मिलिमीटरचा, नाव-पत्ता-जीएसटीचा, ४८० रुपयांना. दुसरा डिस्पॅचच्या टेबलासाठी, बिननावाच्या बॉडीत, फक्त ‘तपासले’ एवढाच, २२० रुपयांना.

पहिल्याच आठवड्यात महागडा खोलून बघितला. मशीनशॉपवाल्याच्या हातात वस्तू पडली की ती उघडणारच. आणि खरं सांगतो, आत बघून मन खूश झालं. झाकण, फ्रेम, कमान, ठशाची (म्हणजे अक्षरं उठवलेल्या रबरी तुकड्याची) पट्टी, पॅडचा कप्पा, स्प्रिंग. एकही स्क्रू नाही, सगळं खटक्यात बसलेलं. शिक्का नुसता ठेवलेला असतो तेव्हा ठशाचं तोंड वर असतं आणि तो पॅडला टेकून शाई पीत बसलेला असतो. झाकण दाबलं की कमान ठशाच्या आडव्या दांड्याला खाली रेटते. दांड्याची टोकं दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये चालतात. मधे खाचेला वळण आहे, तिथं ठसा कोलांटी मारून तोंड खाली करतो. पण खरी कारागिरी त्यापुढं आहे. कोलांटी पूर्ण झाल्यावर खाच सरळ होते आणि शेवटचे काही मिलिमीटर ठसा न फिरता सरळ उतरतो. तिथं तो जरासा जरी फिरत राहिला तर कागदावर अक्षर फरफटलंच म्हणून समजा. आमच्याकडं याला कॅम म्हणतात आणि असा कॅम स्टीलमध्ये काढायचा म्हटला तर मी अर्धा दिवस मागेन. इथं तो प्लॅस्टिकच्या मोल्डमधून तयार बाहेर पडतो, आणि पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, नखानं चाचपली तरी पटकन लागत नाही.

या बॉड्यांचं माहेर म्हणजे ऑस्ट्रियातलं वेल्स नावाचं गाव. १९१२ साली व्हिएन्नात सुरू झालेली ट्रोडॅट आणि १९८० साली निघालेली कोलॉप, दोघींचंही ठाणं आज तिथंच. आपल्याकडं एका गल्लीत दोन पंपवाले असावेत तसं. ४७ × १८ हे माप दोघींकडं आहे, एकीकडं ४९१२ नंबरानं आणि दुसरीकडं ‘प्रिंटर ३०’ म्हणून. माप तेच असलं तरी पॅड मात्र ज्याचं त्यालाच बसतं, म्हणून पॅड आणायला जाताना जुनं पॅड खिशात घालूनच जायचं. माझी बॉडी कुणाची ते लिहीत नाही, कारण पुढं ज्या तक्रारी आहेत त्यांतली एकही बॉडीबद्दल नाही. निदान चांगल्या बॉडीबद्दल तरी नाही.

दोनशे वीसवाल्याची गोष्ट लवकर संपते. चौथ्या महिन्यात ठसा वळणावर आडवा अडकायला लागला. झाकण खाली, ठसा मधेच उभा, कागदावर नुसती एक निळी रेघ. खोलल्यावर दिसलं की खाचेच्या वळणावरच पार्टिंग लाइनचा उंचवटा तसाच सोडलेला आणि दांड्याचं टोक घासून तिरकं झालेलं. पॉलिश पेपरनं खाच साफ करून आणखी महिनाभर चालवला. मग स्प्रिंगनं मान टाकली. आता तिथं वडिलांचा लाकडी मुठीचाच शिक्का आहे आणि वडील काही न बोलता हसतात.

आता मुख्य मुद्दा. ती ऑस्ट्रियन कारागिरी तुमच्यापर्यंत पोचते ती रिकामी. तिच्यात चिकटवायचा ठसा इथंच, आपल्या गावातल्या दुकानात बनतो, आणि तुमच्या ४८० रुपयांचं सोनं होणार की माती, ते त्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या तुकड्यावर ठरतं.

माझा पहिला ठसा लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात केला. लेझरनं रबर जाळून अक्षर उठवतात तो प्रकार. मुलानं स्क्रीनवर मजकूर दाखवला तो ठशाला लागतो तसा उलटा, आरशातला. मी मान डोलावली. मशीनशॉपवर परत येऊन पहिलं चलन मारलं आणि वडिलांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला.

“कोल्हापुरात ऱ्हाऊन शिवाजी चुकवलास व्हय रं?”

बघतो तर ‘शविाजी उद्‌यमनगर’. वेलांटी ‘श’ला सोडून ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसलेली, ‘द्य’ फुटून पाय मोडका ‘द्’ वेगळा पडलेला. परत गेलो तर मुलगा म्हणाला, “साहेब, कम्प्युटरनं तसंच घेतलंय.” खोटं नव्हतं ते. मी मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवला होता आणि त्याच्याकडं जुन्या आवृत्तीचं डिझाइन सॉफ्टवेअर. त्याला मराठीची जुळणी कळत नाही, अक्षरं ज्या क्रमानं साठवलेली त्याच क्रमानं ते मांडत जातं. आपण पहिल्या वेलांटीला उच्चारानंतर टाइप करतो आणि कागदावर ती अक्षराच्या आधी दिसायला हवी, तिथंच सगळा घोळ. म्हणून अजूनही बरेच डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पुन्हा टाइप करून घेतात. तुम्हीही तसंच सांगा, किंवा मजकूर पीडीएफ करून द्या. आणि सुलटा छापलेला नमुना कागदावर बघितल्याशिवाय हो म्हणू नका. स्क्रीनवरचं उलटं वाचायची सवय खिळे जुळवणाऱ्यांना होती, आपल्याला नाही.

दुसरा ठसा त्यानं फुकट करून दिला, तेवढा भला माणूस. पण या वेळी चूक माझी. १८ मिलिमीटर उंचीत मी सहा ओळी कोंबायला लावल्या. फर्मचं नाव, कामाचा प्रकार, पत्ता दोन ओळींत, मोबाइल, जीएसटी. इंग्रजीत हे एक वेळ खपतं. मराठीत प्रत्येक ओळीला वर मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळं ओळीची खरी उंची दिसते त्याच्या दीडपट असते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरला. शिरोरेषा तर सगळ्यात लबाड. ती ओळभर सलग असल्यामुळं भरपूर शाई घेते आणि जाड उठते, खालची बारीक अक्षरं मात्र फिकी. ‘ष्ट’ आणि ‘द्ध’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा आठवड्याभरात शाईनं बुजल्या. २७ नं सुरू होणाऱ्या आमच्या पंधरा अक्षरी जीएसटी नंबरात एक इंग्रजी बी आहे, तो आठ दिसायला लागला आणि एका कंपनीच्या अकाउंटवाल्यांनी बिल परत पाठवलं.

त्यात आणखी एक गडबड होती, ती महिनाभरानं कळली. रबर पातळ पडलं म्हणून दुकानातल्यानं खाली डबल टेपचे दोन थर दिले होते. ठसा ठरलेल्या उंचीपेक्षा वर आला, विश्रांतीच्या वेळी पॅडमध्ये रुतून बसला आणि कडांनाही शाई चढली. दर ठशाभोवती निळी चौकट. आम्ही पंचवीस-तीस मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करतो आणि इथं अर्ध्या मिलिमीटरचा कुणाला पत्ता नाही!

तिसरा ठसा जानेवारीत राजारामपुरीतल्या एका बाईंकडं केला, पॉलिमरचा. त्यांनी आधी मला गप्प बसवून दोन ओळी काढून टाकल्या. “मोबाइल नंबर बिलावर छापलेला आहे ना? मग शिक्क्यात कशाला?” मग फॉन्ट थोडा जाड घेतला, शिरोरेषा बारीक केली, जीएसटीची ओळ वेगळी आणि मोठी. पॉलिमरचं काम मी उभं राहून बघितलं. अक्षरं पारदर्शक आणि बाकी सगळं काळं अशी निगेटिव्ह फिल्म काचेवर ठेवतात, तिच्यावर मधासारखं घट्ट द्रव पॉलिमर ओततात, वर पाठीची शीट आणि दुसरी काच. अतिनील दिव्याचा प्रकाश आधी पाठीकडून थोडा देतात, त्यानं तळ घट्ट होतो. मग निगेटिव्हच्या बाजूनं देतात, त्यानं प्रकाश पडला तिथं अक्षर घट्ट होतं. उरलेलं पातळ पॉलिमर साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुऊन टाकायचं आणि ठसा पुन्हा एकदा दिव्याखाली पक्का करायचा. तुकडा आरपार दिसतो, त्यामुळं पट्टीवर चिकटवताना सरळ बसवता येतो. लेझरचं रबर काळं-राखाडी, तिथं अंदाजपंचे.

म्हणजे लेझर वाईट असं नाही. लेझरवाला जाणकार असेल तर अक्षराच्या कडेला उतार ठेवतो, मुळाशी रुंद आणि टोकाला बारीक, त्यामुळं बारीक रेघ दाबाखाली लवत नाही. रबर शाईलाही जास्त सोसतं. फक्त जळक्या रबराचा वास आठवडाभर टेबलाला येत राहतो.

तिसरा ठसा आजही चालू आहे. एप्रिलमध्ये मात्र तो माझ्या हातून जाता जाता वाचला. ठसे फिके पडायला लागले म्हणून पोराला शाई आणायला पाठवलं. त्यानं आणली ती फ्लॅश शिक्क्याची, तेलकट. फ्लॅश शिक्का म्हणजे ज्याच्या स्पंजातच शाई भरलेली असते आणि पॅड नसतंच तो. सेल्फ इंकच्या पॅडला पाण्यात मिसळणारी शाई लागते. तेलकट शाई पॅडमधून नीट झिरपत नाही आणि पॉलिमरला फुगवते. दोन-तीन ठसे विचित्र आले म्हणून थांबलो, पॅड फेकून दिलं, ठसा लगेच साबणानं धुतला. तरी एका कोपऱ्याला बोट लावलं की अजून किंचित चिकट लागतं. आता बाटलीवर मार्करनं ‘ऑफिस शिक्का’ लिहिलंय. शाई घालताना तीन-चार थेंब, पॅडभर पसरून, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. घाईत दहा थेंब घातले की पुढचे दोन दिवस प्रत्येक ‘ठ’ आणि ‘ळ’ भरीव.

शाईचा दुसरा धडा पावसानं दिला. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आहे, ३९ ची इशारा पातळी गाठतंय का, हे सकाळी आधी बघायचं आणि मग शटर उघडायचं, असे हे दिवस. अशात कागद हवेतच ओलसर असतो, निळी शाई धाग्याधाग्यानं पसरते. वरून ड्रायव्हर चलन शर्टाच्या खिशात घालून भिजत जातो. परवा एका चलनाची शाई दुसऱ्या प्रतीवर उतरून तिसरीपर्यंत पोचली होती. तेलकट हात लागलेल्या कागदावर ही शाई धरतच नाही, गुळगुळीत प्लॅस्टिक टॅगवर तर बोट फिरवलं की साफ. पार्टच्या टॅगसाठी हा शिक्का घेऊ नका, तिथं मार्कर पेनच बरं.

एक गोष्ट मात्र लाकडी मुठीत कधी जमली नव्हती, ती म्हणजे जागा धरणं. या बॉडीचं खालचं टोक पारदर्शक आहे, शिक्का नेमका कुठं पडणार ते आधी दिसतं. त्यामुळं मी चलनातल्या शेवटच्या आयटमला अगदी लागून मारतो, खाली कुणाला एखादा नग वाढवायला जागाच राहू नये. शिवकाळातल्या पत्रांत वर मुद्रा आणि मजकूर संपला तिथं ‘मर्यादेयं विराजते’ची मोर्तब असायची, तीही याच कामासाठी. वडील मात्र अजून वरच्या कोपऱ्यातच मारतात.

आतापर्यंतचा खर्च: बॉडी आणि पहिला ठसा ४८०, तिसरा ठसा १५०, एक नवं पॅड ११०, शाईच्या दोन बाटल्या. दोनशे वीसवाला पाण्यात. बॉडीची स्प्रिंग पहिल्या दिवसासारखी आहे, खाचेत झीज दिसत नाही. आता ‘तपासले’साठी तारखेचा शिक्का घ्यायचाय, तारखेच्या रबरी पट्ट्या फिरवता येतात तो. त्याचा ठसा राजारामपुरीच्या बाईंनाच सांगितलाय, दोनच ओळींचा. मजकूर मी कागदावर हातानं लिहून दिलाय.